तालुक्याला एक डार्करूम हवी

दिवाळी जवळ आली की लोणखेड्यात, शहाद्यात, सगळ्या खानदेशात माळे रिकामे होतात. पत्र्याच्या पेट्या खाली येतात, पितळी भांडी घासली जातात, रद्दीचे गठ्ठे दाराशी लागतात. भंगाराच्या हातगाडीवर जे चढतं त्यात हल्ली निगेटिव्हची पाकिटं असतात, चामडी कव्हरातला आजोबांचा अ‍ॅग्फा क्लिक असतो, काकांचा याशिका असतो. एखादा जुना स्टुडिओ बंद होतो तेव्हा तर पोतीच्या पोती जातात. देणाऱ्याला वाटतं, अडगळ गेली. घेणाऱ्याला त्यात प्लास्टिक दिसतं, फार तर थोडी चांदी. त्या पाकिटांत आपल्या गावाचे दोन-तीन पिढ्यांचे चेहरे आहेत, हे मात्र दोघांच्याही ध्यानात येत नाही.

हे थांबवा, एवढंच सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. निगेटिव्ह वाचवा, कॅमेरे वाचवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोल भरणं, रोल धुणं, प्रिंट काढणं ही विद्या वाचवा. ती ज्यांच्या हातात आहे ती माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. आणखी दहा वर्षांनी विचारायला जाल तर सांगायला कोणी उरलेलं नसेल.

राजवाड्यांच्या मुलखात हे होऊ नये

कागद कसे वाचवायचे हे खानदेशाला कोणी शिकवायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांतली दप्तरं धुंडाळत. वाण्याच्या पुड्यांत, चुलीत, वाळवीच्या तोंडी जाणारे कागदांचे रुमाल त्यांनी सोडवून आणले. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि पुढे बावीस खंड झाले. त्यांची अखेर धुळ्यात झाली, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. त्यांच्या पश्चात १९२७ मध्ये धुळेकरांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं केलं. ते आजही आहे. आपल्या शहाद्याहून धुळं काही परमुलूख नव्हे.

राजवाड्यांच्या काळी जी गत दप्तरांची होती तीच आज निगेटिव्हची आहे. फरक इतकाच की दप्तरं देशमुख-पाटलांच्या वाड्यांत होती. निगेटिव्ह तर सगळ्यांच्या आहेत: शेतकऱ्याच्या, सालदाराच्या, शिक्षकाच्या, ऊसतोड मजुराच्या. ज्याच्या घरी कधी कागद लिहिला गेला नाही त्याचाही लग्नात, जत्रेत, शाळेच्या दाखल्यासाठी एक तरी फोटो निघाला. ज्यांचा लिखित इतिहास कोणी ठेवला नाही त्यांचा इतिहास या फिल्मच्या पट्ट्यांवर आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज अमलात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड निघाले, १८६८ ते १८७५ या काळात. त्यांत इथल्या जातीजमातींची माणसं नमुने म्हणून उभी केली आहेत. जमातीचं नाव छापलं, बहुतेक माणसांची नावं मात्र छापली नाहीत. तालुक्याच्या ठिकाणच्या आपल्या स्टुडिओत याच्या नेमकं उलट घडत होतं. तिथे माणूस आपण होऊन यायचा, केसांना तेल लावून, ठेवणीतला सदरा घालून. स्टुडिओवाला वहीत त्याचं नाव लिहायचा, पाकिटावर नंबर टाकायचा. रंगवलेल्या पडद्यासमोर तो आपल्या मनासारखा उभा राहायचा. भिल्ल, पावरा, गुजर, कोळी, मराठा, मुसलमान, सगळ्यांचा असा स्वतःच्या मर्जीनं काढून घेतलेला चेहरा दुसऱ्या कुठल्या दप्तरात मिळणार आहे?

आपल्याकडे फिल्मवर काय काय आहे

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्या दिवसाचे फोटो रोलवर निघाले. त्याआधीचं सगळंच रोलवर आहे. पुरुषोत्तमनगरचा सातपुडा साखर कारखाना, पी. के. अण्णा पाटलांच्या पिढीनं उभं केलेलं सहकाराचं जाळं, शाळा-कॉलेजांच्या पायाभरण्या हे सगळं फिल्मवर आहे. अंबरसिंग सुरतवंतींच्या मागे उभा राहिलेला आदिवासी शेतमजूर, १९७२ मध्ये शहाद्यात उभी राहिलेली श्रमिक संघटना, त्याच सालचा दुष्काळ आणि रोजगार हमीची खडी फोडणारे हात, हेही फिल्मवर. सारंगखेड्याच्या दत्त जयंतीच्या यात्रेतले घोडे, प्रकाशा गावचा तापीकाठ, काठी गावची होळी, तोरणमाळला गेलेल्या शाळेच्या सहली, याही फिल्मवर.

आणि आता जे जाऊन बघताच येणार नाही, तेही फिल्मवर आहे. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, सगळी आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली, डोमखेडी, निमगव्हाण ही नावं १९९० च्या दशकात देशभर पोचली. पाणी चढलं, शेतं गेली, नदीकाठचे सुपीक मळे गेले, जुनं शूलपाणेश्वराचं मंदिर पाण्याखाली गेलं. तळोदा-शहादा भागातल्या वसाहतींत राहायला आलेल्या कुटुंबांच्या नातवंडांना आपलं मूळ गाव कसं होतं ते बघायचं असेल तर एकच वाट आहे: त्या काळी कोणी कार्यकर्त्यानं, शिक्षकानं, सरकारी माणसानं, वार्ताहरानं काढलेला रोल. तो कुणाच्या तरी कपाटात आहे. ते कपाट नेमकं कुणाचं, हे शोधायचं काम आपलं आहे.

निगेटिव्ह गेली म्हणजे काय जातं याचा धडा आपल्या देशानं मोठी किंमत देऊन घेतला आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत लागलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज सापडत नाही. त्या काळातल्या कितीतरी चित्रपटांच्या फिल्म चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. उलट उदाहरणही आपल्यासमोर आहे. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ १९७६ मध्ये गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून झाला. त्याची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं जपून ठेवली होती. तिच्यावरून फिल्म हेरिटेज फाउंडेशननं तो चित्रपट पुन्हा उजळला आणि २०२४ मध्ये कान महोत्सवात तो पडद्यावर आला. कोणीतरी ते डबे फेकले नाहीत, म्हणून हे झालं. सहकारी चळवळीत वाढलेल्या आपल्या तालुक्याला दोन-दोन रुपयांची ताकद वेगळी समजावून सांगायला नको.

मोडीचं झालं ते डार्करूमचं होऊ नये

कोणी म्हणेल, ठीक आहे, निगेटिव्ह ठेवू, स्कॅन करून घेऊ. पण रोल धुण्याची विद्या कशाला जगवायची? ती तर कालबाह्य झाली.

या प्रश्नाचं उत्तर मोडी लिपीनं आधीच देऊन ठेवलं आहे. कागद वाचले, पण १९५० च्या सुमारास मोडी शाळांतून गेली आणि वाचणारे डोळे संपत गेले. आज महाराष्ट्राच्या दप्तरखान्यांत मोडी कागदांचे ढीग आहेत. जमिनीच्या एका जुन्या नोंदीसाठी माणसं मोडी वाचकाचा शोध घेत जिल्हाभर फिरतात. वस्तू हाती आहे, पण ती उलगडणारा मिळत नाही.

निगेटिव्हची गोष्ट तीच आहे. जुन्या स्टुडिओतले रिटचर निगेटिव्हच्या मसाल्याच्या बाजूवर टोकदार पेन्सिलीनं काम करत. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी छाया ते एकेका बारीक ठिपक्यानं भरून काढत. ज्यानं डार्करूम पाहिलेली नाही त्याला ती पेन्सिल मळ वाटते. तो कापड घेऊन पुसून टाकतो आणि एका कारागिराचं काम कायमचं नाहीसं होतं. निगेटिव्हवर पिवळट डाग आला असेल तर तो बुरशीचा, की हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, नीट न धुतल्याचा? डबा उघडल्यावर आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर काय समजायचं? फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ छापलेलं आहे की नाही हे का बघायचं? आंबट वास म्हणजे अ‍ॅसिटेट फिल्मचा पायाच सडू लागला आहे. ती ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळी करून थंड, कोरड्या जागी हलवायला हवी. ‘सेफ्टी’ नसलेली फार जुनी फिल्म नायट्रेटची असू शकते, आणि ती चटकन पेट घेते. हे ज्ञान पुस्तकात मिळतं, पण हाताला कळतं ते रोल धुतल्यावरच.

आणखी एक गोष्ट. कितीतरी जुन्या कॅमेऱ्यांत अर्धवट काढलेला रोल तसाच अडकलेला असतो. आजोबा गेले, रोल राहिला. असा कॅमेरा हाती आला तर कृपा करून मागचं झाकण उघडू नका. फिल्मवर पडलेला प्रकाश दशकानुदशकं तिच्यात न दिसता टिकून राहू शकतो. जाणत्या माणसानं तो रोल अंधारात काढून धुतला तर चित्र उमटण्याची आशा असते. रोल रंगीत असला आणि फार जुना झाला असला तरी कृष्णधवलच्या रसायनांत त्यावर काही ना काही उतरू शकतं. मोबाइलचं कुठलंही अ‍ॅप हे काम करू शकत नाही. त्याला डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन लागतं, आणि डेव्हलपर ओळखणारा माणूस लागतो.

हे काम घरच्या मोरीत होतं

डार्करूम म्हटलं की लोकांना लाल दिव्याची गूढ खोली डोळ्यांसमोर येते. खरं म्हणजे रोल धुताना लाल दिवाही चालत नाही. नेहमीच्या कृष्णधवल फिल्मला लाल रंगही दिसतो, त्यामुळे ती गर्द काळोखातच रोल धुण्याच्या टँकच्या चक्रीवर चढवावी लागते. लाल दिवा लागतो तो नंतर, कागदावर प्रिंट काढताना. खोली नसेल तर बाह्या असलेली काळी कापडी पिशवी पुरते. टँकचं झाकण बसलं की दिवा लावून बाकीचं सगळं उजेडात करता येतं.

डेव्हलपरही घरी बनतो. डी-७६ हा कोडॅकचा १९२७ पासूनचा नुस्खा जगभर चालतो: एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना रसायनं पुरवणारे दुकानदार हे सगळं मागवून देऊ शकतात. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि या कामाची भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नयेत. एवढी शिस्त पाळली तर हे काम बारावीच्या प्रॅक्टिकलपेक्षा अवघड नाही.

आपल्या मुलखात खरी झुंज आहे ती उष्णतेशी. डेव्हलपर वीस अंशांवर हवा. वैशाखात आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात पोळवतं. पाणी फार तापलं तर फिल्म भराभर काळी होत जाते आणि तिच्यावरचा मसाला मऊ पडतो. म्हणून परातीत बर्फ घालून त्यात टँक उभा करायचा आणि थर्मामीटरवर नजर ठेवायची. वीस अंशांवर इलफर्डचा एचपी-५ रोल या डेव्हलपरमध्ये साधारण साडेसात मिनिटं घेतो. पहिलं अर्धं मिनिट टँक हलवायचा, पुढे दर मिनिटाला थोडा. मग पातळ व्हिनेगरचं पाणी अर्धं मिनिट, मग हायपो पाच ते दहा मिनिटं, मग धुणं. धुण्यात घाई करू नये. निगेटिव्ह पन्नास वर्षं टिकणार की पाच, हे इथेच ठरतं. आपल्या बोअरचं पाणी जड, वाळल्यावर पांढरे डाग सोडतं. म्हणून शेवटचा हात बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्याचा, त्यात साबणाच्या द्रावाचा एक थेंब. मग धूळ नसलेल्या जागी चिमट्याला टांगून ठेवायचं. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो गोमाई नदीत जाता कामा नये. कॅनमध्ये साठवून चांदी काढणाऱ्यांकडे द्यावा.

या देशातल्या सिनेमाचा जन्मही अशाच घरगुती कामातून झाला. दादासाहेब फाळके आधी छायाचित्रकार होते, गोध्र्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ फिल्मवर टिपली. ‘राजा हरिश्चंद्र’ घडत होता तेव्हा कच्च्या फिल्मला भोकं पाडण्यापासून रसायनं कालवून ती धुण्यापर्यंतचं काम सरस्वतीबाई फाळके करत होत्या. दिवसभर माणसांचा स्वयंपाक, रात्री फिल्म. ३ मे १९१३ ला तो चित्रपट प्रेक्षकांसमोर आला. आपल्या मराठी घरातल्या एका बाईनं शंभर वर्षांपूर्वी घरात हे केलं. आज बर्फ, थर्मामीटर, वीज सगळं हाताशी असताना आपल्या मुलामुलींना ते जड का जावं?

कशाला एवढा खटाटोप

मोबाइलवर हजारो फोटो निघतात हे खरं, आणि मोबाइलशी माझं काही भांडण नाही. पण एक प्रश्न स्वतःला विचारा: पंधरा वर्षांपूर्वीच्या मोबाइलमधले फोटो आज कुठे आहेत? हँडसेट बदलला, मेमरी कार्ड हरवलं, लग्नाची सीडी लावायला यंत्रच उरलं नाही. नीट धुतलेली कृष्णधवल निगेटिव्ह कोरड्या पाकिटात ठेवली तर शंभर वर्षं सहज जाते. ती बघायला वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही. खिडकीच्या उजेडात धरली की पुरे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या सुरुवातीच्या काळातले नामवंत छायाचित्रकार. तेव्हाचे फोटो आजही डोळ्यांनी बघता येतात.

शिवाय फिल्म माणसाला थांबायला शिकवते. रोलमध्ये छत्तीस फोटो, वन-ट्वेंटीच्या चौकोनी कॅमेऱ्यात बारा. त्यामुळे आधी उजेड बघावा लागतो, माणसाशी बोलावं लागतं, अंतर मोजावं लागतं. अभ्यासक्रमात प्रकाश, रसायन, गणित वेगवेगळ्या तासांना शिकवतो. इथे ते एका कामात एकत्र येतं आणि विद्यार्थ्याच्या हातात निकाल देतं. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले, गौतम राजाध्यक्षांनी चेहऱ्यांना जी प्रतिष्ठा दिली, मोहन वाघांनी मराठी रंगभूमी जशी टिपून ठेवली, ती सगळी या शिस्तीतून आलेली कामं आहेत.

खर्च आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. उटीचा हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० मध्ये स्थापन झाला, १९६७ पासून तिथे ‘इंदू’ नावानं देशी फिल्म आणि कागद बनत होता. तो बंद पडला आणि आता रोल बाहेरून येतो, चांगला रंगीत रोल महाग पडतो. म्हणूनच सुरुवात कृष्णधवलनं करावी आणि एकत्र येऊन करावी. शंभर फुटांचा डबा आणला तर त्यातून छत्तीस फोटोंचे अठराएक रोल घरी भरता येतात. जुन्या रिकाम्या डब्या पुन्हा वापरता येतात. धुण्याचा खर्च मग रोलमागे थोडाच उरतो. रंगीत रोलसाठी मुंबई-पुण्यात मोजक्या लॅब अजून आहेत, त्या कुरियरनं आलेले रोल धुऊन देतात.

आणि ही विद्या जगात मेलेली नाही. कोडॅक कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा सगळ्यांनी तिची तेरवी उरकली होती. आज तिच्या रोचेस्टरच्या कारखान्यात फिल्म बनते आहे. इंग्लंडच्या हारमननं डिसेंबर २०२३ मध्ये नवी रंगीत फिल्म आणली, पेंटॅक्सनं २०२४ मध्ये फिल्मचा नवा कॅमेरा बाजारात आणला. विशीतली मुलं रोल विकत घेत आहेत, म्हणून हे घडतं आहे. त्या मुलांना कॅमेरे हवे आहेत आणि शिकवणारे हवे आहेत. दोन्ही आपल्या तालुक्यांत अजून पडून आहेत.

कोणी काय करावं

घरच्या मंडळींनो, माळा साफ करताना निगेटिव्हचं एकही पाकीट बाहेर जाऊ देऊ नका. निगेटिव्ह कडेला धरा, मध्ये बोट लावू नका, ओल्या कपड्यानं पुसू नका. कागदी पाकिटात घाला, घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा, आणि डबा पत्र्याखालच्या माळ्यावरून काढून घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कोपऱ्यात न्या. पाकिटावर पेन्सिलीनं लिहा: कोण, कुठे, कधी. घरातली सर्वांत वडीलधारी बाई जवळ बसवा आणि चेहरे ओळखून घ्या. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. फोटो टिकेल, पण ओळखणारं माणूस कायम राहणार नाही.

स्टुडिओवाल्या दादांनो, काकांनो, आमच्या गावाची तुमच्याइतकी ओळख कोणाकडेच नाही. दुकान मुलानं डिजिटल केलं असेल, जागा विकायची असेल, तरी खोकी विकण्याआधी आम्हा गावकऱ्यांना हाक मारा. निगेटिव्हबरोबर तुमच्या नोंदवह्याही ठेवा. वही गेली की हजारो माणसं निनावी होतात. एन्लार्जर, ट्रे, टँक, जुना टायमर भंगारात घालू नका. तुम्हाला पुन्हा काम करायला सांगत नाही. आठवड्यातून एक दुपार द्या, चार पोरांना शेजारी बसवा, निगेटिव्ह पातळ का आली आणि दाट का आली ते दाखवा. तुमच्या बोटांना जे माहीत आहे ते कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

शाळा-महाविद्यालयांच्या चालकांनो, प्राचार्यांनो, शहादा-लोणखेडा परिसरानं शिक्षणावर मोठा जीव लावला आहे. एक छोटी खोली द्या. खिडकीला काळा कागद, एक नळ, एक टेबल, एक पंखा, एवढ्यात तालुक्याची डार्करूम उभी राहते. रसायनशास्त्राच्या विभागाकडे तराजू आहे, थर्मामीटर आहे, जाणते शिक्षक आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून एकेका गावाच्या निगेटिव्हची यादी करायला द्या. कोणाचा फोटो, कोणाचं घर, हे सगळं त्या कुटुंबाला विचारून, त्याच्या परवानगीनं. बुडितातून आलेल्या वसाहतींत आधी जा, कारण त्यांचं गाव आता फक्त फोटोतच उरलं आहे.

सार्वजनिक संस्थांनो, धुळ्याच्या राजवाडे मंडळाची परंपरा आपल्या विभागात आहे, पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्यांच्याशी बोला, जाणकार बोलवा, चार दिवसांचं शिबिर घ्या. ग्रामपंचायतीनं आणि नगरपालिकेनं वाचनालयात एक कोरडं कपाट दिलं तरी मोठी सुरुवात होईल.

आणि तरुण मित्रमैत्रिणींनो, घरातला तो जुना कॅमेरा हातात घ्या. पेंटॅक्स के-१००० असेल तर शटरला बॅटरीही लागत नाही, ती लागते फक्त मीटरला. अ‍ॅग्फा क्लिक असेल तर त्यालाही काही लागत नाही. आत रोल असल्याची शंका असेल तर झाकण न उघडता आधी जाणत्याला दाखवा. नसेल तर भिंगावर बुरशी आहे का बघा, शटर नीट मिटतं का ऐका, झाकणाच्या कडेचा स्पंज चिकट झाला असेल तर बदलून घ्या. मग एक रोल भरा आणि आपलंच गाव काढा: बाजाराचा दिवस, केळीच्या बागा, गोमाईचा काठ, आजीचे हात. तो रोल स्वतः धुवा. जुन्या निगेटिव्ह मोबाइलनं उतरवायच्या असतील तर टॅबलेटचा पांढरा पडदा मागे थोड्या अंतरावर ठेवा, निगेटिव्ह सपाट धरा, फोटो काढून रंग उलटे करा. ही प्रत कामापुरती आहे, मूळ निगेटिव्ह तरीही जपायचीच.

एवढ्या सगळ्याला मोठा निधी लागत नाही, मंत्र्यांची भेट लागत नाही. लागतात पाच-सहा माणसं, एक खोली, एक जुना एन्लार्जर आणि शिकवायला तयार असलेले एक काका. शहादा तालुक्यात हे सगळं आज आहे. आजपासून दहा वर्षांनी खोली असेल, पैसे असतील, कदाचित उत्साहही असेल, पण काका नसतील.

म्हणून हात जोडून सांगतो, वाट पाहू नका. या महिन्यात तुमच्या गावातल्या सर्वांत जुन्या फोटोग्राफरच्या घरी जा, त्यांच्याजवळ बसा, आणि म्हणा: काका, शिकवा.